शिंगाडे बाई आणि दादाची गाडी

शिंगाडे बाई मला पहिल्यांदा दिसल्या त्या एसटीच्या कंडक्टरशी वाद घालताना. सणसरच्या थांब्यावर गाडी उभी होती आणि दारात एक उंच, काळीसावळी बाई गोधडीत गुंडाळलेलं भलंमोठं खोकं पोटाशी धरून उभी होती. कंडक्टर म्हणत होता, सामान टपावर टाका.

"टपावर जमायचं न्हाय. आत काच हाय."

"मग टेम्पो करा, बाई."

"मी मांडीवर घेते. तुमाला जागाच लागणार न्हाय."

मागची माणसं आरडाओरडा करायला लागली तसा कंडक्टरनं नाद सोडला. माझ्या शेजारची जागा रिकामी होती. बाई येऊन बसल्या. ते खोकं एका मांडीवर मावणारं नव्हतंच. भवानीनगर यायच्या आत त्याचा निम्मा भार माझ्या मांडीवर आला होता. काटेवाडी मागं पडल्यावर मी विचारलं, "काय आहे हो यात?"

"ऑसिलोस्कोप. विजेच्या लाटा पडद्यावर दावतो त्यो," त्या म्हणाल्या. "कॉलेजचा हाय. आजारी होता, घरी नेला होता. आता बरा झालाय."

मी त्याच दिवशी बारामतीच्या तंत्रनिकेतनात गणिताची बाई म्हणून रुजू व्हायला चालले होते. नवऱ्याची नोकरी वालचंदनगरला, आमचं बिऱ्हाड तिथल्या क्वार्टरमध्ये. नवी नोकरी, नवे लोक. आणि फाटकातून आत शिरले ती एका अनोळखी बाईबरोबर खोक्याची एक बाजू धरून. शिपायाला वाटलं, मी दुरुस्तीवाल्यांकडून आलेय.

शिंगाडे बाई इलेक्ट्रॉनिक्स शिकवायच्या. नाव हौसा. आधी प्रयोगशाळेत साहाय्यक होत्या, मग नोकरी सांभाळून पदवी घेतली आणि अधिव्याख्याता झाल्या. बोलणं मात्र सणसरचंच राहिलं. शिकवताना शब्द इंग्रजी, क्रियापदं गावची. "हा करंट हितनं गेला, तितं अडला, मग कुठं जाईल?" असं त्या फळ्याकडे पाठ करून विचारायच्या. पहिल्या वर्षाची पुण्याहून आलेली काही मुलं सुरुवातीला खुसखुसायची. बाईंना ते ऐकू यायचं. एकदा मी न राहवून म्हटलं, की तुम्ही रागावत कसं नाही? त्या म्हणाल्या, "हसू द्या की. हसताना कान उघडे असत्यात."

त्यांची एक सवय मला फार आवडायची. कुठलंही बिघडलेलं यंत्र समोर आलं की त्या आधी काही उघडायच्या नाहीत. हाताची मागची बाजू त्याला लावायच्या, डोळे मिटायच्या आणि गप्प उभ्या राहायच्या. रेडिओ असो, पंप असो, नाहीतर प्राचार्यांच्या खोलीतला स्टॅबिलायझर. मग म्हणायच्या, "ह्याला ताप हाय," किंवा "ताप न्हाय, हा नुसता रुसलाय." मेंढराचा कान असाच हात लावून बघतात, हे मला पुढं कळलं.

कारण बाई मेंढरांतल्या होत्या. त्यांचे आईवडील, चुलते, सगळे दिवाळी झाली की कळप घेऊन कोकणाकडे उतरायचे आणि पावसाच्या तोंडाला परत यायचे. हौसालाही तसंच जायचं होतं. पण तिच्याहून बराच मोठा भाऊ, दादा, आडवा आला. ही चौथीत पहिली आली हाय, हिला न्यायची न्हाय, असं त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं. तो स्वतः दुसरीतून उठून कळपामागं गेला होता. हौसा आत्याकडे राहिली. दर वर्षी घरचे निघाले की ती ओढ्यापर्यंत मागं मागं जायची आणि दादा तिला परत आणून सोडायचा. एका वर्षी म्हणे त्यानं तिला तीनदा परत आणून सोडलं, आणि तिसऱ्यांदा दोघंही रडले. बाई हे सांगताना हसायच्या. "चौथ्यांदा मी गेलेच न्हाय. मला वाटलं, ह्यो माणूस माझ्यापायी कोकणात पोचायचाच न्हाय."

त्यांच्या तोंडी दिवसातून एकदा तरी दादा यायचा. दादाला अमुक आवडतं, दादा तमुक म्हणाला. लग्न त्यांनी केलं नव्हतं. का, ते मी कधी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. दादा, वहिनी आणि त्या, असं तिघांचं घर होतं.

बाईंच्या शिकवण्याची एक गोष्ट कॉलेजात बरीच वर्षं सांगितली जायची. त्या दिवशी त्यांना हॉल इफेक्ट शिकवायचा होता. पट्टीतून वीज वाहत असताना जवळ लोहचुंबक आणलं की वीज पट्टीच्या एका कडेला दाटते आणि दोन कडांमध्ये थोडासा व्होल्टेज तयार होतो, एवढीच ती गोष्ट. पुस्तकात ती गणितानं सिद्ध केलेली होती आणि वर्गाच्या डोक्यावरून गेली होती. बाईंनी अख्खा वर्ग उठवला आणि वर्कशॉप आणि ड्रॉइंग हॉल यांच्या मधल्या बोळात नेला. मी वरच्या खिडकीतून बघत होते.

"तुमी सगळी मेंढरं," बाई म्हणाल्या. "ह्या टोकाकडनं त्या टोकाला चला. ढकलाढकली करायची न्हाय."

मुलं दात काढत चालायला लागली. बोळाच्या दोन्ही बाजूंना सारखी पसरून ती पुढं सरकत होती. तेवढ्यात बाई मधल्या दारातून डस्टर उगारून एकदम त्यांच्यावर धावल्या. खऱ्याच धावल्या. मुलं घाबरून समोरच्या भिंतीला जाऊन चिकटली आणि तशीच, भिंतीला घासत, पुढं सरकत राहिली.

"थांबा! आता सांगा. त्या भिंतीपाशी किती, माझ्या भिंतीपाशी किती?"

"तिकडं सगळी, इकडं कुणीच नाही, मॅडम."

"मेंढरं कोण?"

"करंट."

"आन कुत्रं?"

मग मागून एक जण चाचरत म्हणाला, "मॅग्नेट?"

"शाब्बास. दोन भिंतीतला ह्यो जो फरक हाय ना, त्यो हॉल व्होल्टेज. कुत्रं आलं का गेलं, हे कुत्र्याकडं न बघता कळतं. नुसत्या भिंती बघायच्या."

त्या वर्षी तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एका मुलाला हाच प्रश्न टाकला. तो बिचारा घाबरून थेट मेंढरांवरच आला. परीक्षक चक्रावले. त्यांनी शिंगाडे बाईंना बोलावून विचारलं, हा काय बोलतोय? बाईंनी सरळ चेहऱ्यानं सगळा कळप पुन्हा उभा केला. परीक्षक गृहस्थ दिलखुलास होते. ऐकून घेतलं आणि मुलाकडे वळून म्हणाले, "बरं, कुत्रं दुसऱ्या बाजूनं आलं तर?"

मुलगा क्षणभर विचार करून म्हणाला, "तर मेंढरं ह्या भिंतीला येतील सर. व्होल्टेज उलटा."

परीक्षक इतके मोठ्यानं हसले की बाहेर रांगेत उभी असलेली पोरं आत डोकावली.

दादाला मी तोवर पाहिलं नव्हतं. पाहिलं ते वाईट दिवसात.

कळप विकून दादानं थोडा ऊस केला होता आणि हंगामात तो ट्रॅक्टरवर जायचा. एका सकाळी ट्रॉली जोडताना ती उतारावरून मागं आली आणि त्याचा डावा पाय चाक आणि बांध यांच्यात सापडला. डॉक्टरांनी पुष्कळ प्रयत्न केले, पण गुडघ्याच्या वरून पाय काढावा लागला. बाई महिनाभर कॉलेजला आल्या नाहीत. आल्या तेव्हा पहिल्यासारख्याच शिकवायला लागल्या, फक्त दादाचं नाव घेईनात.

मी सणसरला उतरून भेटायला गेले. घराच्या आतल्या अंगाला बाजेवर एक रुंद खांद्याचा माणूस भिंतीकडे तोंड करून पडला होता. कोपऱ्यात कुबड्या नव्याकोऱ्या उभ्या होत्या, त्यांच्या रबराला धूळही लागलेली नव्हती. बाई म्हणाल्या, "दादा, वालचंदनगरच्या ताई आल्यात." त्यानं मान वळवली, हात जोडले, आणि पुन्हा भिंतीकडे वळला. वहिनींनी चहा केला.

बाहेर सोडायला आल्यावर बाई म्हणाल्या, "आयुष्यभर चालला हो. हितनं कोकणात, कोकणातनं हितं. आता अंगणात बी येत न्हाय. मला म्हणतो, लोकं बघत्यात." मग फाटक उघडताना म्हणाल्या, "कुणी बघत न्हाय. पण त्याला कसं सांगायचं?"

त्यानंतर काही महिन्यांनी ती गाडी आली.

बारामतीत एक म्हातारे डॉक्टर होते. त्यांच्या परदेशातल्या मुलीनं त्यांना विजेवर चालणारी तीनचाकी स्कूटर पाठवली होती. नव्वदच्या दशकात असलं वाहन आमच्याकडे कुणी पाहिलेलं नव्हतं. मागं दोन चाकं, पुढं एक, आणि मोटर त्या पुढच्या चाकाच्या पोटातच. ना साखळी, ना धूर, ना आवाज. डॉक्टर ती आवाराच्या आतच फिरवायचे. ते वारल्यावर गाडी व्हरांड्यात चादर घालून उभी राहिली. बाई त्यांच्या पत्नीचा, काकूंचा, रेडिओ दुरुस्त करायला गेल्या होत्या, तेव्हा त्यांनी चादर उचलून बघितली. काकूंनी विचारलं, काय गं? बाईंनी दादाचं सांगितलं. काकू म्हणाल्या, "घेऊन जा. इथं नुसती उभी आहे, मला बघवतही नाही."

गाडी टेम्पोतून सणसरला गेली. जुन्या बॅटऱ्या मेलेल्या होत्या, त्या बदलल्या. दादा पहिले चार दिवस तिच्याकडे बघायलाही तयार नव्हता. बाईंनी आग्रह केला नाही. गाडी त्याच्या बाजेसमोर अंगणात उभी केली आणि कॉलेजला निघून आल्या. पाचव्या दिवशी संध्याकाळी घरी गेल्या तर अंगण रिकामं. वहिनी दारात बसून डोळ्यांना पदर लावत होत्या.

"कुठं गेला?"

"कालव्याकडं," वहिनी म्हणाल्या. "एकलाच."

हे सगळं बाईंनी मला दुसऱ्या दिवशी एसटीत सांगितलं. सांगताना त्या खिडकीबाहेर बघत होत्या आणि आवाज अगदी साधा ठेवायचा प्रयत्न करत होत्या. काटेवाडीपर्यंत जमलं, पुढं जमलं नाही.

दादा बदलला. मागच्या बाजूला त्यानं फळी बसवून घेतली, तिच्यावर वैरणीच्या पेंढ्या आणायला लागला. कुणाचा कळप गावाजवळ उतरला की तिकडे जाऊन बसायचा, कोकराला औषध पाजायचा, पोरांना मेंढरू धरायला शिकवायचा. गाडीला तो 'ती' म्हणायचा. ती भागली, तिला चारायला पाहिजे, म्हणजे बॅटरी चार्ज करायला पाहिजे. लाईट गेली की तिच्या अंगावर पोतं टाकायचा, का, ते त्यालाच ठाऊक.

आणि बैलांच्या सणाला त्यानं तिला धुतलं. गावात सगळे बैल धूत होते. दादानं गाडी मोटारीच्या पाइपाखाली घेतली आणि जनावराला घालावी तशी मनसोक्त आंघोळ घातली. पुढच्या चाकाला विशेष. मग गेरूची बोटं उमटवली आणि गळ्यात, म्हणजे हँडलला, माळ घातली. पंधरा दिवस काही झालं नाही. मग गाडी गचके द्यायला लागली. निघताना थरथरायची, अडायची, घोड्यासारखी मागं-पुढं करायची. कधी निघायची, कधी निघायचीच नाही. एकदा कालव्यावर अशी बसली, की दादाला आणि गाडीला दोघांनाही लोकांनी उचलून आणलं. दुसऱ्या दिवसापासून तो पुन्हा बाजेवर.

बाईंनी ठरवून टाकलं, की दोष कंट्रोलरमध्ये, म्हणजे मोटरला वीज वाटून देणाऱ्या पेटीत आहे. त्या पेटीचा नकाशा कुणाकडेच नव्हता. त्यांनी ती उघडली, जळक्यासारखे वाटणारे भाग बदलले, पुन्हा बंद केली. गचके तसेच. पुन्हा उघडली. या वेळी त्यांनी हात लावून बघितलंही नाही. कॉलेजात आमच्याबरोबर डबा खायला बसेनात, प्रयोगशाळेतच काहीतरी जाळत-जोडत असायच्या. बोटांना चटके, डोळ्यांखाली काळं. एकदा मी म्हटलं, "थोडं थांबा ना." तर पहिल्यांदाच माझ्यावर ओरडल्या, "थांबून कसं चालंल? तो तितं भिंतीकडं तोंड करून पडलाय!"

मग त्यांनी एकदम दोन दिवस रजा टाकली. माझ्या मनात नाही नाही ते आलं. रविवारी सकाळी मी सणसरला उतरले.

अंगणात लिंबाखाली गाडी उभी होती, पुढचं चाक विटांवर उचललेलं. पेटी उघडी, तारा बाहेर. बाई जमिनीवर बसल्या होत्या आणि दादा दारात, उंबऱ्यावर. कुबड्या बाजूला पडलेल्या. दोघांचं नुकतंच काहीतरी झालेलं दिसत होतं.

"ताई, तुमीच सांगा हिला," दादा म्हणाला. त्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होते. "महिना झाला ही त्या पेटीला चिकटलीय. गाडी कोण चालवतं?"

"तू," बाई म्हणाल्या.

"मग गाडीला काय हुतंय, हे मला इचारलंस का?"

बाईंनी स्क्रू-ड्रायव्हर पुन्हा पेटीत घातला.

"पाय गेला तवापासनं सगळी मला उचलाय बघत्यात. ताट हितं आणून देत्यात. पाणी हितं आणून देत्यात. तू बी गाडी दुरुस्त करून माझ्यापुढं आणून ठेवणार. मी काय करायचं? नुसतं बसायचं?" त्यानं उंबऱ्यावर हात आपटला. "हौसे, मला काहीतरी काम सांग की गं."

बाईंच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली आला. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं, पण हलता येईना. मग बाई उठल्या, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "बरं. सांग, काय हुतंय?"

"चालत असली का काय हुत न्हाय. निघतानाच अडती. आन पोरानं जराशी ढकलली का सुटती."

"दर वेळी अडती?"

"न्हाय. चाक कसं थांबलंय त्याच्यावर हाय. येका जागी थांबलं का बिनघोर निघती. जरा फिरून थांबलं का अडती."

बाईंनी डोळे मिटले. ती जुनी सवय मला किती दिवसांनी दिसली. मग त्यांनी स्वतःच्या कपाळावर हात मारला. "पेटी न्हायच. अरं देवा. पेटी न्हायच!"

मला त्यांनी नंतर समजावून सांगितलं ते असं. चाकाच्या पोटात गोल फिरणारी लोहचुंबकं असतात आणि ती आत्ता कुठं आहेत हे सांगणारे तीन हॉल सेन्सर. ज्वारीच्या दाण्यापेक्षा थोडे मोठे, काळे. ते सांगतील तशी पेटी वीज सोडते. तिघांतला एक मुका झाला, तर काही ठिकाणी पेटीला कळतच नाही की चाक कुठं आहे. मग ती आंधळेपणानं वीज सोडते, आणि चाक गचके देतं.

"दादा, हिकडं ये," बाई म्हणाल्या. आणून बसवलं नाही त्याला. तो कुबड्या घेऊन स्वतः आला. त्या कुबड्यांवर त्याला मी पहिल्यांदाच बघत होते आणि वहिनीही चुलीपुढून उठून दारात आल्या होत्या.

तो चाकापाशी बसला. बाईंनी काट्याचा मीटर जोडला, तीन सेन्सरकडून येणाऱ्या तीन बारीक तारांपैकी पिवळीला टोक लावलं. "आता चाक फिरव. सावकाश. एकदम सावकाश."

दादानं दोन्ही हातांनी चाक धरलं आणि सरकवायला लागला. मीटरचा काटा वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला.

"आला," बाई म्हणाल्या. "गेला. आला. गेला. ह्यो बरा हाय."

मग हिरवी तार. आला, गेला, आला, गेला. दादाही त्यांच्याबरोबर म्हणायला लागला होता. मग निळी. दादानं चाक फिरवलं. काटा तळाशीच.

"फिरव."

"फिरवतोय की."

चाकाचा पूर्ण फेरा झाला, दुसरा झाला. काटा हलला नाही. दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"मेलं बेणं," दादा म्हणाला, आणि बाई खळखळून हसल्या.

पुढच्या आठवड्यात बाई पुण्याला तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत जाऊन सेन्सर घेऊन आल्या. दुकानदाराच्या काउंटरवर त्यांनी म्हणे मीटर मांडला आणि पिशवीतलं लोहचुंबक फिरवून एकेक तपासून घेतला. पुढच्या रविवारी मी मुद्दाम गेले. चाक उघडायचं होतं आणि ते साधं काम नव्हतं, कारण आतली लोहचुंबकं लोखंडी गाभ्याला अशी धरून बसलेली असतात, की एकट्या माणसाला ओढून निघत नाहीत, आणि निसटलं तर बोट आत सापडतं. दादानं चाक मांडीत धरलं, लोकरीनं भरलेला दांडगा एडका कातरताना धरावा तसं. त्याच्या खांद्यांना आणि हातांना काहीच झालेलं नव्हतं. एक हिसका दिला आणि गाभा बाहेर. आत तांबड्या गंजाचं पाणी सुकून बसलेलं.

"आंघोळ," बाई म्हणाल्या.

दादा खाली मान घालून म्हणाला, "सणाची हुती."

"असू दे. पुढच्या खेपंला नुसता ओला फडका फिरव."

बाईंनी गंज खरवडला, मुका सेन्सर कोरून काढला, नवा त्या खाचेत चिकटवून तारा जोडल्या. चाक पुन्हा बसवलं, बटण दाबलं, आणि चाक जागच्या जागी गुरगुरत थरथरायला लागलं. पहिल्यापेक्षा वाईट. वहिनींनी देवाचं नाव घेतलं. बाई मात्र चाकाला हात लावून शांत उभ्या होत्या.

"मी उलटा बसवला," त्या म्हणाल्या. "तोंड तिकडं पाहिजे हुतं. कुत्रं डावीकडनं आलं तर ह्यो उजवीकडनं आलं म्हणून सांगतोय." दादाला त्यातलं किती कळलं कोण जाणे. त्यानं नुसतं "मग पुना काढू की" म्हणत चाक पुन्हा मांडीत घेतलं.

दुसऱ्या खेपेला चाक फिरलं. आवाज न करता, एकसारखं. बाईंनी ते थांबवलं, थोडं फिरवून पुन्हा चालू केलं. थांबवलं, पुन्हा चालू केलं. कुठूनही निघत होतं. मग विटा काढल्या. दादा गाडीवर चढून बसला, कुबड्या फळीवर आडव्या टाकल्या आणि फाटकातून बाहेर पडला. बाई मागं गेल्या नाहीत. लिंबाखाली बसून हत्यारं पुसत राहिल्या. पुसून झालेली पक्कड पुन्हा पुसत होत्या. मी शेजारी बसले.

पुसता पुसताच त्या म्हणाल्या, "ताई, मला वाटायचं, त्यानं माझ्यासाठी एवढं केलं, आता मी त्याच्यासाठी करायचं. त्याला हातबी लावू द्यायचा न्हाय." त्यांनी पक्कड पिशवीत टाकली. "माणसाला मोडक्या वस्तूवानी वागवलं मी."

"तसं नका म्हणू."

"म्हणू द्या की. माझंच हाय."

त्यानंतर दर रविवारी दादा त्यांच्याबरोबर बसायला लागला. गावातल्या पंपांच्या मोटारी यायच्या. दादा उघडायचा, धरायचा, गुंडाळायचा, बाई तपासायच्या. हळूहळू बाई नसतानाही तो साधी कामं करायला लागला. मोटर घेऊन आलेल्याला आधी विचारायचा, "काय हुतंय ते सांग. निघताना हुतंय का चालताना?" बाईंनी मला ते मुद्दाम ऐकवलं होतं, त्याची नक्कल करून.

दोन-तीन वर्षांनी माझ्या नवऱ्याची बदली झाली आणि आम्ही वालचंदनगर सोडलं. कॉलेजातला निरोप समारंभ झाला होता. शिंगाडे बाई त्या दिवशी भाषण करायला उठल्या, "ताईंनी..." एवढंच म्हणाल्या आणि खाली बसल्या. त्यामुळे नीट बोलणं असं झालंच नव्हतं. सामानाचा ट्रक पुढं गेला, आम्ही मागून जीपनं निघालो. कालव्याच्या पुलाजवळ मी ड्रायव्हरला थांबायला सांगितलं, कारण खाली भरावाच्या रस्त्यावर मला ती गाडी दिसली.

गाडी नागमोडी चालली होती. हँडल धरून बाई बसल्या होत्या, पदर घट्ट खोचलेला, दोन्ही कोपरं बाहेर काढलेली, पाठ ताठ. मागं फळीवर दादा, एका हातानं कुबड्या सांभाळत, दुसऱ्या हातानं बहिणीच्या खांद्याला धरून. आयुष्यभर यंत्रं उघडणाऱ्या या बाईनं कधी साधी सायकलही चालवली नव्हती, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

"हौसे, चाकाकडं बघू नगंस! म्होरं बघ, म्होरं!"

"अरं पण ती कडंला जातीय!"

"जाऊ दे. तू म्होरं बघ. मी हाय मागं."

मी हाक मारली. वारा होता, आणि दोघंही इतक्या मोठ्यानं बोलत होते, की ती पोचली नाही. माझा नवरा म्हणाला, "हॉर्न वाजवायला सांगू का?" मी नको म्हटलं. हॉर्न ऐकून त्यांनी वळून बघितलं असतं, आणि गाडी नक्की कालव्यात गेली असती.

आम्ही पुलावर उभे राहिलो. गाडी एकदा उसाच्या बाजूला गेली, एकदा पाण्याच्या बाजूला, मग हळूहळू रस्त्याच्या मधोमध आली आणि तशीच सरळ चालायला लागली. दादानं तिच्या खांद्यावरचा हात काढून घेतला. बाईंना ते कळलं नसावं. त्या पुढं बघत होत्या.